न विचारता सांगितलेली गोष्ट

हैदराबादेत हिमायतनगरच्या परांडेकरांकडे त्या रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर खुर्च्या पुरल्या नाहीत. वरच्या मजल्यावरून दोन मागवाव्या लागल्या. कारणच तसं होतं. घरच्या रजनीबाई आज पडद्यावर दिसणार होत्या.

आता टीव्हीवर ओळखीचं माणूस दिसणं तुमच्याआमच्यासाठी नवलाचं राहिलेलं नाही. कोणाचा भाचा गातो, कोणाची सून स्वयंपाकाच्या स्पर्धेत भांडते. रजनीबाईंनी ज्या कॉलेजात एकतीस वर्षं कॉमर्स शिकवलं, तिथले तीन माजी विद्यार्थी अशा कार्यक्रमांत गेले होते. तिसरा युवराज उदगीरकर. तेलुगू कार्यक्रम होता. बारा माणसं सहा आठवडे एका बंगल्यात राहणार, हातात फोन नाही, बाहेरचं वारं नाही. चोवीस तास कॅमेरे, आणि लोकांच्या मतांवर दर रविवारी एक जण घरी. कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळानं फाटकावर युवराजचा भलामोठा फ्लेक्स लावला होता.

युवराज तारनाक्याला दीपाली नावाच्या मैत्रिणीबरोबर अकाउंट्सचे क्लास चालवायचा. चाळीसेक मुलं होती. शिकवताना हसवायचा, त्या हसवण्याच्या एका व्हिडिओवरूनच त्याला कार्यक्रमाचं बोलावणं आलं. आपलं नाव झालं तर क्लासला मुलं वाढतील, आई अजून दुसऱ्यांच्या पोळ्या लाटते ते थांबेल, एवढाच त्याचा हिशोब.

तो बंगल्यात जायच्या चार दिवस आधी कार्यक्रमाची माणसं रजनीबाईंकडे येऊन गेली होती. त्यांच्यात स्नेहा नावाची पुण्याची मुलगी होती. दिवसभर तेलुगू आणि हिंदीत बोलणाऱ्या माणसाला कोणी समोर बसून मराठी बोललं की जीव कसा मोकळा होतो, हे हैदराबादच्या मराठी माणसाला सांगायला नको. रजनीबाईंनी तिला थालीपीठ खाऊ घातलं. हे सगळं युवराजसाठी सरप्राइज आहे, त्याला बोलू नका, असं स्नेहानं बजावलं. एक इंग्रजी कागद पुढं केला, त्यावर बाईंनी सही केली. मग ती म्हणाली, "मॅडम, हुशार होता, मेहनती होता, हे सगळेच सांगतात. काही तरी आतलं सांगा ना."

आतलं होतंच बाईंकडे. शिक्षकाची एक सवय असते, विद्यार्थ्यांचं उदाहरण करून टाकायची. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या निरोप समारंभात बाई 'एका मुलाची' गोष्ट सांगत. तो दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या परीक्षेत कॉस्टिंगच्या पेपरला बाहीत चिठ्ठी घेऊन बसला. बाई स्वतः वर्गात होत्या, त्यांना काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टाफरूममध्ये आला, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, मॅडम, मी कॉपी केली, माझा पेपर रद्द करा, फक्त माझ्या आईला सांगू नका. बाईंनी त्याला नवा पेपर काढून दिला. त्यात त्याला कमी मार्क मिळाले, पण ते त्याचे होते. गोष्ट सांगून झाली की मुलं टाळ्या वाजवत. चौदा वर्षं बाई ती गोष्ट सांगत आल्या, नाव न घेता.

कॅमेऱ्यापुढं त्यांनी नाव घेतलं. चाळीस मिनिटं बोलल्या, शेवटी त्यांचे डोळेही भरून आले.

त्या रविवारी पडद्यावर बाई अकरा सेकंद दिसल्या, खाली तेलुगू अक्षरं. "युवराजनं माझ्या पेपरला कॉपी केली होती. चिठ्ठी बाहीत होती." एवढंच. मग ढोल वाजावा तसा आवाज, बंगल्यात हसणारा युवराज, आणि सूत्रधाराचा प्रश्न, या हसऱ्या मुखवट्यामागचा खरा चेहरा कोणता? पुढं जाहिराती लागल्या.

कोणी तरी टीव्हीचा आवाज कमी केला. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिसलात मात्र छान हं, रजनीताई."

सोमवारी तो तुकडा शहरभर मोबाइलवर फिरला. दुपारी दीपालीचा फोन आला. सहा मुलांच्या पालकांनी मुलं काढून घेतली होती, कॉपी करून पास झालेला मास्तर आमच्या पोराला काय शिकवणार म्हणून. उरलेली मुलं आपसात 'चिठ्ठी सर' म्हणू लागली होती. गुरुवारपर्यंत सहाचे पंधरा झाले. मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर ज्यांनी हार आणि टाळ्यांची चित्रं पाठवली होती, तेच आता फ्लेक्स उतरवा म्हणत होते. अध्यक्ष सुरेशराव वकील, त्यांनी शनिवारी बैठक बोलावली. आणि ज्याच्यावर हे चाललं होतं तो बंगल्यात बसून शेंगा निवडत होता, कोणाला तरी नक्कल करून हसवत होता. त्याला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. बाईंना तो हसताना बघवेना.

त्यांनी स्नेहाला फोन लावला. काय ठेवायचं आणि काय कापायचं ते वरचे लोक ठरवतात, असं ती अवघडून म्हणाली. खरंच अवघडली असावी. त्यानंतर तिनं फोन उचलला नाही. मग एका बातम्यांच्या चॅनेलवाल्यानं बाईंना गाठलं. आमच्याकडे या, पूर्ण गोष्ट सांगा, आम्ही एक शब्द कापणार नाही. बाईंना वाटलं, सुटले. त्यांनी इस्त्रीची साडी काढलीसुद्धा. पण त्यांचे यजमान गोविंदराव, हायकोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले, फार न बोलणारे, ते म्हणाले, "आधी त्याच्या आईला भेटून ये."

युवराजची आई मालनबाई सुलतान बाजारात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत, एका मराठी खाणावळीत पोळ्या लाटायची. बाई रिक्षातून उतरून, गर्दीतून वाट काढत पोहोचल्या तेव्हा दुपारची वेळ होती. मालनबाईनं त्यांना ओळखलं, स्टुलाकडे बोट केलं, पण लाटणं थांबवलं नाही. बाईंनी सगळं सांगितलं. तो आपण होऊन आला होता, किती खरा मुलगा, आणि कार्यक्रमवाल्यांनी नेमकं तेच कसं कापलं.

मालनबाईनं पोळी तव्यावर टाकली. "म्हणजे पोरगा स्वतःच्या पायानं आला व्हता तुमच्याकडं."

"हो ना. तेच तर कापलं त्यांनी."

"कापलं त्यांनी, बाई. पण त्यांच्या हातात दिलं कोणी?"

बाई म्हणाल्या की मी त्याचं कौतुकच केलं, माझ्या मनात वाईट नव्हतं.

"हौ, मला मालूम आहे. तुमच्या मनात वाईट नसतंच. पण चौदा वर्सं त्यानं हे मला सांगितलं नव्हतं. आन मला कुठं कळलं? हितं. गिऱ्हाइकानं मोबाइल दाखवला, म्हणतो, अम्मा, ये आपकाच बेटा है ना? हसत व्हता. मी काय सांगू त्याला? मलाच ठाऊक नाही माझ्या पोराचं." तिनं पोळी उलटली. "त्यानं ते तुमच्यापाशी ठेवलं व्हतं. अमानत व्हती ती. चीज चांगली आहे म्हणून काय झालं, दुसऱ्याची अमानत काढून चार लोकांत दाखवायची असते का?"

बाईंनी घाईनं चॅनेलचं सांगितलं. उद्याच जाते, सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे लोकांना कळेल तो कसा आहे.

मालनबाईचं लाटणं पहिल्यांदा थांबलं.

"पुन्हा त्याला न विचारता?"

एवढंच ती म्हणाली, आणि रजनीबाईंच्या डोळ्यांसमोरून ती चौदा वर्षं सरकली! चौदा निरोप समारंभ, चौदा वेळा टाळ्या. नाव घेत नव्हतो म्हणून आपण निर्धास्त होतो. पण एका पोरानं खाली मान घालून सांगितलेली गोष्ट आपण दरवर्षी व्यासपीठावर नेली, आणि टाळ्या कोणाला मिळाल्या? आपल्याला! कॅमेऱ्यानं नवीन काही केलं नव्हतं. सवय आपलीच होती, त्यानं फक्त ती मोठी करून दाखवली. फोन करून विचारावं, एवढं साधं काम. तेव्हा तो बंगल्यात गेलाही नव्हता, फोन लागत होता. सरप्राइज म्हटलं आणि आपण ऐकलं.

बाई त्या चॅनेलवर गेल्या नाहीत.

शनिवारी कॉलेजच्या ग्रंथालयात बैठक भरली. पन्नासेक माणसं होती. तीन जणांनी कॉलेजच्या नावाला बट्टा लागल्याची भाषणं केली. सुरेशराव म्हणाले की प्रश्न साधा आहे, मॅडमनी हो किंवा नाही सांगावं, मुलानं कॉपी केली होती की नव्हती.

रजनीबाई उभ्या राहिल्या.

"एका विद्यार्थ्यानं माझ्यावर विश्वास ठेवून मला काही सांगितलं होतं. ते मी त्याला न विचारता जगाला सांगितलं. चूक माझी आहे, ठराव करायचा तर माझ्यावर करा. त्याच्याबद्दल मी आज एक शब्द बोलणार नाही. चांगलाही नाही. तो बाहेर आला की त्याला वाटलं तर तो सांगेल."

मागून कोणी तरी म्हणालं, "टीव्हीवर बोलता आलं, आणि इथे लाज वाटते का मॅडम?"

"हो," बाई म्हणाल्या. "तेव्हा वाटायला हवी होती. ती आज वाटते."

माणसं गप्प झाली. पण वाचकहो, गप्प होणं म्हणजे पटणं नव्हे. हात वर झाले आणि बहुमतानं फ्लेक्स उतरवायचं ठरलं. संध्याकाळी तो उतरला. माजी विद्यार्थ्यांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय कोणालाही देऊ नये, असा ठराव बाईंनी मांडला, तो पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. बाहेर पडताना दोन जुन्या विद्यार्थिनींनी मात्र त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, युवराज मतांत हरला आणि बाहेर पडला.

सोमवारी दुपारी रजनीबाई तारनाक्याला गेल्या. रिकाम्या क्लासात शेवटच्या बाकावर तो एकटा बसला होता. दाढी वाढलेली, पुढ्यात मोबाइल उलटा ठेवलेला. सगळं बघून झालं होतं हे चेहऱ्यावरूनच दिसत होतं. तरी तो उठून उभा राहिला, सवयीनं. बाईंना ते जास्तच लागलं.

"युवराज, मी माफी मागायला आले आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी कापलं, वगैरे मी सांगणार नाही. मी सांगायलाच नको होतं."

त्यानं उलटा ठेवलेला मोबाइल बाजूला सारला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही एक फोन केला असता ना, तर मी हो म्हटलं असतं. फक्त आधी आईला सांगितलं असतं."

बाई त्याच बाकावर बसल्या. त्यानं रागानं चार शब्द ऐकवले असते, तर त्या हलक्या झाल्या असत्या. त्यानं तेही केलं नाही. रागवलो नाही असंही म्हणाला नाही.

चार वाजता मुलं आली. चाळीसपैकी एकोणीस. दीपाली फळ्याशी गेली, पण युवराजनं तिला थांबवलं. बाई उठू लागल्या, तर म्हणाला, "तुम्ही बसा. आज मी सांगतो."

आणि त्यानं मुलांना ती गोष्ट सांगितली. बाईंना ती पाठ होती, पण ही त्यांची नव्हती. पेपरच्या आदल्या रात्री तो आणि आई दवाखान्यात वडिलांजवळ जागले होते, हे बाईंना ठाऊक नव्हतं. पेपर सोपा गेला असं तो घरी म्हणाला आणि आईनं आनंदानं शिरा केला, हेही ठाऊक नव्हतं. तो शिरा त्याच्या घशाखाली उतरेना. "मला मॅडमची भीती नव्हती," तो म्हणाला. "आई समोर बसून म्हणत होती, अजून घे. म्हणून मी सकाळी कॉलेजात गेलो." एका मुलीनं विचारलं, सर, मग आईला कधी सांगितलं? "काल," तो म्हणाला. "चौदा वर्षं उशीर झाला. तुम्ही एवढा उशीर करू नका."

शेवटच्या बाकावर रजनीबाई मान खाली घालून ऐकत होत्या. चौदा वर्षं जी गोष्ट आपण पूर्ण समजत होतो, तिचा गाभाच आपल्याकडे नव्हता. चॅनेलनं तिचे अकरा सेकंद केले. पण आपल्याकडे तरी सगळी कुठं होती?

गेलेली मुलं परत आली का? चार आली, बाकीची आली नाहीत. मालनबाई अजून पोळ्या लाटते. झालेलं नुकसान क्षमा मागून भरत नाही, हे रजनीबाई आता जाणतात, आणि तरीही क्षमा मागावीच लागते हेही जाणतात.

मंडळी, उद्या तुमच्याही दारात कोणी गोड बोलणारं माणूस कॅमेरा घेऊन येईल. कॅमेराच कशाला, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या डब्याभोवती, फोनवरच्या ग्रुपात आपण रोज दुसऱ्याचं आयुष्य सांगत असतोच, आणि बहुतेक वेळा प्रेमानंच सांगतो. पण ज्याची गोष्ट आहे, ती सांगायचा हक्क त्याचा. कौतुकाची असली तरी त्याचाच. तोंड उघडण्याआधी त्याला एक फोन करा. तो कदाचित हो म्हणेल. त्याला हो म्हणायची संधी तरी द्या.