पाचव्या रिळातली तीन वाक्यं

शनिवारी मध्यरात्रीच्या खेळाला फुंगयी नेहमीसारखी शेवटून दुसऱ्या रांगेत बसली. मांडीवर वही, हातात बोटाएवढी विजेरी. गुरुवारी लागणारा सिनेमा आधी शनिवारी एकदा दाखवायचा, लोक कुठे हसतात, कुठे शिव्या घालतात, कुठे उठून मुतारीकडे जातात ते टिपायचं, आणि मधल्या चार दिवसांत कापाकापी करायची, ही हाँगकाँगची जुनी रीत. संकलकाचे डोळे अधू झाल्यापासून टिपण्याचं काम त्याच्या मदतनिसाकडे, म्हणजे तिच्याकडे आलं होतं. हशाला गोल, शिवीला फुली.

शनिवारचे लोक भीडभाड ठेवत नाहीत. पाळी संपवून आलेले टॅक्सीवाले, हॉटेलांतले वाढपी, कॉलेजची पोरं. नाही आवडलं तर खुर्चीची गादी चाकूने उसवून जातात. म्हणून दिग्दर्शक पून दाराजवळ उभाच होता, आणि पैसे घालणारे थामशेठ त्याच्या आडोशाला.

सिनेमा होता सात तळ्यांच्या तलवारीच्या गोष्टीचा दुसरा भाग. पहिला भाग चार वर्षांपूर्वी आला तेव्हा त्यातल्या ढगात राहणाऱ्या म्हाताऱ्या गुरूने लोकांना वेड लावलं होतं. तो गुरू म्हणजे फुंगयीचे वडील, क्वोक सेकलाम. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांचे कपडे घालून, त्यांच्याऐवजी छपरांवरून खाली पडण्यात घालवला होता. त्या एका भूमिकेनंतर मात्र चहाच्या हॉटेलात लोक उठून त्यांना जागा देऊ लागले, सिफू, म्हणजे गुरुजी, म्हणू लागले. दुसऱ्या भागाचं चित्रण पुरं झालं आणि फुप्फुसांनी दगा दिला. त्यांना जाऊन सात आठवडे झाले होते.

इथे सगळे सिनेमे मुके चित्रित होतात, आवाज मागून घालतात. पडद्यावर तोंड एकाचं आणि बोलणं दुसऱ्याचं, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक; पाहणाऱ्याच्या ते मनातही येत नाही. क्वोकना आवाज द्यायचे सुंगकाका. रेडिओवर राजेमहाराजांची कामं केलेला, गोल, खोल गळा. क्वोक नऊ वर्षांचे असताना चीनमधल्या चिउचाउहून आले होते आणि तिकडची, इथल्या तांदूळवाल्यांची बोली त्यांच्या जिभेवरून कधी उतरलीच नाही; प्रत्येक शब्दाचं टोक घशात आपटून यायचं. दुसऱ्या भागात गुरूला मरताना तीनच वाक्यं होती. ती मी बोलणार, असा त्यांनी पूनकडे हट्ट धरला.

"तीस वर्षं मार मी खातोय आणि कण्हतोय तो सुंग," ते म्हणाले होते. "आता मरायचं तरी माझं मला मरू दे."

फेब्रुवारीत दोन तास दवाखान्यातून सुटी काढून ते बोलून गेले. त्यांचा आवाज कुठे राहिला असेल तर तो तेवढाच. घरी टेपरेकॉर्डर होता, पण त्यांचं बोलणं भरून ठेवावं असं ते असताना कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिली चार रिळं बरी गेली. तळहातातून निळा उजेड निघाला तेव्हा पोरं शिट्ट्या मारत होती, नायिका तिसऱ्यांदा रडायला बसली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "बाई, आधी तलवार तरी पुसा!" फुंगयीने गोल काढला. बाजूच्या माणसाने सुकवलेल्या माकुलाची पिशवी तिच्यापुढे धरली. तिने मान हलवली.

पाचव्या रिळात धुकं विरळ झालं आणि बाबांचा चेहरा आला. टाळ्या पडल्या. "सिफू, तिकडं बरंय ना?" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "ए, गप. गेला माणूस." मग खरंच सगळे गप्प झाले.

गुरूने शिष्याच्या मनगटावर हात ठेवला. "तलवार खाली ठेव."

मग मधल्या रांगेतून एक फिसकन हसला. "हा कोण बोलतोय? तांदळाच्या दुकानातला शेठ?" हसू पसरत गेलं. बाबा पडद्यावर दम घेत होते. "हात रिकामा झाला की कळतं, तो कुणाचा आहे."

"किलोला केवढा म्हणाला?"

फुंगयीने गोल काढला. दुसरा काढला. पेन्सिल कागदात रुतली. तिला वाटलं, उठावं आणि दिवे लावायला सांगावेत. तेवढ्यात पुढून एक जाड आवाज आला.

"हसताय काय गाढवांनो! माणूस मेला म्हणून यांनी रस्त्यावरचा कुणीही धरून आणलाय!"

"खरंच की. हा सिफूंचा आवाजच नाही."

"काय रे पून, लाज वाटते का? मेलेल्याला तरी सोडा!"

"सिफूंचा आवाज परत द्या!" कुणीतरी पाय आपटला, मग रांगच्या रांग आपटू लागली. "आवाज द्या! आवाज द्या!" तिसरं वाक्य, "जा आता," त्या गोंगाटात कुणालाच ऐकू गेलं नाही.

फुंगयी वहीकडे बघत राहिली. ही शिवी होती, म्हणजे फुली हवी. पण ती बाबांना नव्हती. हे सगळे बाबांच्या बाजूने भांडत होते, बाबांशीच.

खेळ सुटल्यावर जिन्यात थामशेठनी रुमालाने मान पुसली. "बाकी सिनेमा उचललाय लोकांनी. सोमवारी सुंगला बोलवा, संपलं." मग ती त्यांना दिसली. "पोरी, क्वोक मला भावासारखा. पण तू ऐकलंस ना?"

"ऐकलं, शेठ."

ते उतरून गेल्यावर पून म्हणाला, "तू ठेवा म्हणालीस तर मी ठेवतो. शेठचं मी बघतो. त्यांना शब्द दिला होता मी."

"आणि लोक?"

"लोक हसतील. सहा आठवडे, रोज पाच खेळ." तो खोटं बोलला नाही, याचं तिला बरं वाटलं. "सोमवारी दुपारपर्यंत सांग."

रविवारी तिने बाबांच्या फोटोपुढची संत्री बदलली आणि तिथेच पाटावर बसून राहिली. आवाज ठेवला तर बाबांची शेवटची इच्छा राहत होती, आणि रोज पाच वेळा त्यांच्या मरणाचा तमाशा होत होता. काढला तर लोक रडणार होते. पण कुणासाठी? ज्या गुरूला लोकांनी जीव लावला तो अर्धा बाबा होता आणि अर्धे सुंगकाका, आणि त्याला असं दोघांत वाटून टाकायचा हक्क तिला कुणी दिला होता? बाबांना विचारलं असतं तर ते भडकले असते. भडकून झाल्यावर मात्र त्यांनी विचारलं असतं, हसले ते किती जण? एवढं तिला नक्की माहीत होतं. कारण छपरावरून पडून हात मोडला तेव्हाही त्यांनी शुद्धीवर येताच तोच प्रश्न केला होता, लोक ओरडले का?

सोमवारी अकरा वाजता तिने पूनला फोन केला.

सुंगकाका गरम पाण्याचा थर्मास घेऊन आले. त्यांनी आधी जुना आवाज लावायला सांगितला. ऐकताना डोळे मिटले.

"चांगलं बोललाय की. मला कशाला बोलावलंत?"

"लोक म्हणतात, हा सिफूंचा आवाज नाही."

काका हसायला गेले आणि मधेच थांबले. "आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, तुम्ही बोला."

"रागावेल तो माझ्यावर. वर गेलो की पहिला कान पिळेल."

"तुमचा कशाला? माझा पिळतील."

काकांनी पडद्याकडे बोट केलं. "ओठ मिटून हा एवढा वेळ काय करतोय? एवढी जागा मी कधी सोडत नाही."

"धाप लागली होती त्यांना, काका."

काकांनी थर्मासमधल्या पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "तू शेजारी उभी राहा. तो श्वास घेईल तिथे कोपराला हात लाव. मीही तिथेच घेईन."

पहिल्या खेपेला आवाज फारच भरदार लागला. दुसऱ्या खेपेला काकांना ठसका आला. तिसऱ्या खेपेला बरोबर जमलं, आणि ते जमलेलं फुंगयीला सहन होईना, म्हणून ती लगेच फीत कापायला बसली. जुन्या आवाजाची फीत काढली तेव्हा वाटीएवढी गुंडाळी झाली. ती डब्यात ठेवून तिने वर नाव लिहिलं. ती वाजवायचं यंत्र फक्त स्टुडिओत होतं. घरी ती फीत म्हणजे नुसतीच फीत.

गुरुवारी साडेसातच्या खेळाला ती तिकीट काढून गेली. पाचव्या रिळात गुरू बोलू लागला आणि थिएटरात खोकलासुद्धा ऐकू आला नाही. "जा आता," स्वच्छ ऐकू आलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदर असावा तशी बाही डोळ्यांना लावून बसली होती.

बाहेर पायऱ्यांवर एक टॅक्सीवाला बायकोला रंगवून सांगत होता, "शनिवारी भलत्याचाच आवाज लावला होता. आम्ही थिएटर डोक्यावर घेतलं म्हणून खरा परत घातला यांनी." त्याने फुंगयीकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते. "बघ, या ताई पण रडल्या. ताई, आज कसं, मनासारखं झालं की नाही?"

"झालं," ती म्हणाली. "शनिवारी तुम्ही होतात?"

"होतात? पहिला पाय आपटला तो मीच!"

तो जाड आवाज तिने ओळखला. पुढे व्हायला हवं होतं, पण ती जागची हलली नाही.

"कसा होता हो तो आवाज?"

"अहो, काय सांगू!" त्याने छाती आत घेतली, हनुवटी गळ्याला टेकवली आणि प्रत्येक शब्दाचं टोक घशात आपटत म्हटलं, "तलवार खाली ठेव." बायको खो खो हसली. "हात रिकामा झाला की कळतं..." नक्कल करणाऱ्याचा गळा होता तो, शिवाय त्याची स्वतःची आजीबिजी चिउचाउची असावी.

"नाही," फुंगयी म्हणाली. "ते दुसरं वाक्य इतकं भरभर नव्हतं."

टॅक्सीवाल्याने तिच्याकडे नीट पाहिलं. हसणं त्याच्या तोंडावर तसंच राहिलं, पण आवाज उतरला.

"हळू होतं?"

"हळू. मधे श्वास होता."

त्याने श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.