माझा डावा गाल

तुम्ही 'अहाहा' म्हणण्याआधीच सांगून टाकते, मी मोटार आहे आणि मला माझ्या रूपाचा थोडा गर्व आहे. लांब नाक, उतरतं छप्पर, दोघांनी ऐसपैस बसून दूरच्या प्रवासाला निघावं असा घाट. अंग माझं इटलीत घडलं, इंजिन अमेरिकेतून आलं. आमच्यासारख्या झाल्याच मोजक्या. खानदानी इटालियन गाड्या माझ्या इंजिनाला नाकं मुरडतात. मुरडू देत! त्या रुसून गॅरेजात बसतात, माझं आठ सिलिंडरचं धूड मात्र किल्ली फिरवली की खाकरून उठतं आणि घाट चढताना दमत नाही. इतकी गुणी सोयरीक मी दुसरी पाहिली नाही.

माझा पत्रा यंत्रात दाबलेला नाही. एक काका आणि त्याचा पुतण्या, दोघांनी तो हातोडीने ठोकून वळवला. डावी बाजू काकाची, उजवी पुतण्याची. दिवसभर एकमेकांशी वाद घालायचे, पण हात काय हलके होते त्यांचे!

चार घरं फिरून मी एका शिंप्याकडे आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याचा कुठला खांदा उतरता आहे, हे मास्तरांना दिसे. मला ते स्वतः पुसत, कोटावरून हात फिरवावा तसे. लेकीला गाडी चालवायला त्यांनी माझ्यावरच शिकवलं.

मग मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण चेहऱ्याची एक बाजू उतरली ती उतरलीच. त्यांनी दुकान सोडलं, बाहेर पडणं सोडलं. मीही महिनोन्महिने धूळ खात पडले.

"बाबा, नुसती एक चक्कर. काचा वर ठेवू," लेक म्हणाली.

"हे तोंड घेऊन? तू जा."

ती एकटीच निघाली. डोळे भरलेले, त्यामुळे फाटकाचा खांब नीट दिसला नाही आणि माझ्या डाव्या मडगार्डला पोचा आला.

पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर घरीच आला. पोचा काढल्यावर त्याने उजव्या बाजूवरून पुठ्ठ्याचा साचा कापला आणि उलटा करून डावीकडे लावला. साचा काही बसेना.

"ताई, हिच्या दोन बाजू सारख्या नाहीत," तो म्हणाला. "डावी बोटभर जास्त फुगीर आहे, मूळचीच. म्हणाल तर उजवीसारखी करून देतो."

त्या गालात काकाचा हात होता. तो गेला तर मी कोण उरणार होते?

लेक घराच्या दाराकडे वळून म्हणाली, "बाबा, येता का जरा? तुमची नजर हवी होती."

मास्तर आले, तोंडाशी रुमाल धरून. साचा लावून बघितला. मग माझे दोन्ही गाल एकदम चाचपायला दोन्ही हात लागले, म्हणून रुमाल त्यांनी डेंटरच्या हातात दिला.

"इतकी वर्षं पुसतोय हिला, आणि मला दिसलं नाही?"

"कोणालाच दिसलं नाही, बाबा. सगळे सुंदरच म्हणत आले."

मास्तर हसले. हसू एकाच बाजूने वर गेलं, दुसरी बाजू जागची हलली नाही. माझ्याइतकं ते कोणाला आवडलं असेल असं वाटत नाही.

"राहू दे हो तसाच," ते डेंटरला म्हणाले आणि दार उघडून लेकीच्या शेजारच्या सीटवर बसले. रुमाल डेंटरकडेच राहिला.

आता आम्ही रोज बाहेर पडतो, काचा खाली करून. माझं म्हातारपण मजेत चाललं आहे. एवढंच मागते, माझ्यासारखी कोणी तुमच्या हाती आली तर तिला चालवा, तिच्या बाजू सारख्या करत बसू नका. आणि आम्ही सिग्नलला थांबलेले दिसलो, तर खुशाल समोरून बघा. मास्तर आता मान फिरवत नाहीत.