अडतीस ठोके

“अडतीस, सालोत्रीसाहेब. देवाशपथ अडतीस,” धोंडीबा म्हणाला. मैना घोडीच्या जबड्याखालच्या नाडीवर त्याचं बोट अजून होतं.

सालोत्री मुनवर लांब कुंपणापाशी घड्याळ धरून उभा होता. उजवा हात मुरगळलेला, म्हणून आज नाडी म्हाताऱ्या मोतद्दार धोंडीबानं पाहिली. उमरग्याजवळच्या त्या निजामी ठाण्यात घोड्यांचं दवापाणी मुनवरकडं होतं. घोडा भित्रा की धीराचा, हेही तोच ठरवी. आठ दिवस घंटेमागोमाग बंदुकीचा बार काढायचा. मग तीन दिवस नुसती घंटा वाजवून नाडी मोजायची. पन्नासच्या वर गेली की घोडा बाद. बाद घोड्याला तिथं गोळी घालत.

काल मुनवरनं स्वतः मोजली, तेव्हा सहासष्ट आली होती.

“तुमचं चुकलं असंल, धोंडीबा. एका घोडीचे दोन आकडे कसे येतील?”

“तर मग उंद्या परत बघा की.”

दुसऱ्या दिवशी हाताला उतार पडला. मुनवरनं मोजली. अडुसष्ट. आकडे जुळले नाहीत की ठाण्याचा अंमलदार वही तोंडावर फेकायचा. मुनवरनं मधल्या दिवसापुढं अडतीसऐवजी सदुसष्ट लिहिलं. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, हे पुढं त्याला फार डाचलं.

मैनेला गोळी घातली. धोंडीबा तीन दिवस कामावर आला नाही.

महिन्याभरानं मुनवर औषधाची पेटी घेऊन पागेत शिरला. घंटा नव्हती, बार नव्हता. तरी घोडे भिंतीला चिकटले. त्यानं एकाची नाडी पाहिली. चौसष्ट. हिवाळ्यातल्या साथीत त्यानंच मैनेसकट एकेकाला दाबून धरून जाड सुईनं टोचलं होतं.

धोंडीबा पलीकडं पांढऱ्या घोड्याला खरारा करत होता.

“धोंडीबा, तुमचा आकडा खरा होता,” मुनवर कसाबसा म्हणाला. “ती घंटेला न्हाय, मला भीत होती. अन् मी वहीत खोटं लिहिलं.”

खरारा थांबला. “ती तुमाला भितीया, हे मला ठावं होतं, साहेब. सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं?”

मुनवर एक पाऊल पुढं आला. तेवढ्यात पांढऱ्याचं अंग थरथरू लागलं. धोंडीबानं त्याच्या डोळ्यावर तळवा धरला.

“जरा लांब व्हा, साहेब.”

मुनवर मान खाली घालून मागं सरला. घोड्याची कातडी शांत होईपर्यंत सरत राहिला.