वस्तू क्रमांक सतरा

माझ्या बैठकीच्या पूर्वेकडील भिंतीत, दारातून येणाऱ्या माणसाची नजर सर्वप्रथम जिथे पडेल अशा उंचीवर, आज एक भोक आहे. त्या भोकाचा इतिहास लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. कारण गावात तो सध्या गाऊन दाखवला जातो आणि गाणाऱ्यांनी त्यात माझ्या पोटाविषयी जी कडवी घातली आहेत, ती वस्तुस्थितीला धरून नाहीत.

माझे शिक्षण मिशनच्या शाळेत पाचव्या इयत्तेपर्यंत झाले. त्यानंतर दानाने नावाच्या शहरातील कॉफीच्या वखारीत मी सत्तावीस वर्षे वजनकाट्यापाशी उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येक पोत्यावर आकडा घातला. म्हणून क्वानपलू गावात डेनिस लुआ हे माझे नाव कोणी घेत नाही. सारे मला काटेवाले म्हणतात. निवृत्तीनंतर घरी बसलो तेव्हा लक्षात आले की, आकडा घालण्याजोगे घरात काहीच नाही. मी संग्रह सुरू केला. कोरीव चौरंग, पितळेच्या चार बाहुल्या, मुखवटे. प्रत्येक वस्तूच्या आतल्या किंवा खालच्या अंगाला पांढऱ्या तैलरंगाने क्रमांक आणि नोंदवहीत तोच क्रमांक. अशा सोळा वस्तू झाल्या. सतरावी वस्तू मात्र न्यायाधीश होती.

आमच्या गावातील जे भांडण वडीलधाऱ्यांना सुटत नाही, ते सोडवायला हा मुखवटा बाहेर पडतो. डोक्यावर पिसांचा मुकुट, खाली गवताचा भरघोस घागरा. तो घशातून घोगऱ्या आवाजात बोलतो आणि सोबतचा दुभाषी ते लोकांना समजावून सांगतो. त्याचा सांभाळ म्हाताऱ्या टोक्पाबाबांकडे होता, आणि टोक्पाबाबांचे छप्पर गळत होते. मी मान म्हणून देतात ती कोलाची दहा कडू फळे, एक लुगडे व तांदळाचे एक पोते घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"घेऊन जा पोरा," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे पत्रा आहे. इथे बिचाऱ्याच्या नाकावर पाणी पडतंय."

मी घरी येऊन बैठकीच्या भिंतीत खिळा ठोकला, त्यावर मुखवटा टांगला आणि नोंदवहीत 'खरेदी' असा शब्द लिहिला. तो शब्द मला तेव्हा अगदी बरोबर वाटला, हे आज लाजिरवाणे वाटते.

मुखवट्याचे छायाचित्र मी आबिजान या मोठ्या शहरात प्रदर्शने भरवणाऱ्या अमेनानबाईंना धाडले. त्यांचे उत्तर आले की, येत्या गुरुवारी त्या स्वतः गाडी घेऊन येतील, संग्रह पाहतील आणि हा मुखवटा प्रदर्शनात नेतील. त्याच्याखाली एक पाटी असेल: 'श्री. डेनिस लुआ, क्वानपलू, यांच्या संग्रहातून.' ते पत्र मी इतक्या वेळा वाचले की घडीवर फाटले. पाटी कशी दिसेल याचा अंदाज यावा म्हणून मी पुठ्ठ्यावर तीच अक्षरे काढून खिळ्याखाली लावली आणि पाहुणा म्हणून दारातून तीनदा आत आलो. तिन्ही वेळा माझ्यावर चांगला परिणाम झाला.

अडचण एकच होती. मुकुट आणि घागरा नसलेला, नुसत्या लाकडाचा चेहरा आमच्या गावच्या बायकांनी पाहायचा नसतो. त्यामुळे माझी पत्नी सिडोनी चार महिने बैठकीत आली नव्हती. सिडोनी म्हणजे आमच्या आळीची पळीवाली. जिच्या दारातून कोणी उपाशी जात नाही, त्या बाईच्या हाती सगळ्या बायका मिळून हातभर लांबीची कोरीव पळी देतात आणि सुगीच्या जेवणावळीत तीच बाई पुढे चालते. ती पळी एकोणीस वर्षे सिडोनीकडे होती. आता मात्र ती पाठमोरी उभी राहून खिडकीतून वाडगे आत सरकवीत असे.

"अहो काटेवाले, धरा!"

"अगं, सांडलं ना मांडीवर! इकडे बघून तरी दे."

"बघू? आणि उद्या पोटात कळ उठली तर तुमची वही शेकायला येणार आहे का?"

"गुरुवारी तो आबिजानला जातोच आहे."

"जातोच आहे म्हणे! तो काय कॉफीचं पोतं आहे, चढवलं गाडीत नि झालं? आणि इथे माझे पाहुणे खिडकीतून जेवतात, माकडं जेवतात तशी. पलीकडच्या आळीतल्या बायका काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणतात, सिडोनीची पळी आता दुसऱ्या घरी द्यावी. सुगीला पंधरा दिवस उरलेत."

मी तिला समजावले की, आबिजानमधील पाटीमुळे घराण्याचे नाव होईल. तिने खिडकीची झडप लावून घेतली.

सोमवारी सकाळी टोक्पाबाबा दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले. कोलाच्या एका झाडावरून दोन भावांनी एकमेकांवर कोयते उगारले होते.

"न्यायाधीशाला उठवायचंय पोरा. काढ त्याला."

या प्रसंगी माझ्यातला कारकून जागा झाला. मी वही उघडली. 'उसनवार दिली. बुधवारी सूर्यास्तापूर्वी परत करणे,' असे लिहून बाबांच्या अंगठ्याला शाई लावली. बाबांनी अंगठा उमटवला, मग त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"कॉफी विकली वाटतं मी," ते सोबत्यांना म्हणाले.

तेवढ्यात मला आठवले की, या वस्तूवर अद्याप क्रमांकच घातलेला नाही. बिनक्रमांकाची वस्तू घराबाहेर कशी जाऊ द्यावी? मी रंगाचा डबा आणून मुखवट्याच्या आत, कपाळाच्या जागी, ठसठशीत सतरा काढला आणि मुखवटा कापडात गुंडाळून दिला. रंग पुरता वाळण्यास दोन दिवस लागतात, हे डब्यावर छापलेले होते. ते मी पुढे वाचले.

मंगळवारी दुपारी चौकात सारा गाव जमला. न्यायाधीश बाहेर आला. त्याच्या पायांविषयी मी काही लिहिणार नाही. मुखवट्याखाली माणूस नसतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. तरीदेखील उजव्या पायाचा बाहेर वळलेला अंगठा दिसताच मला, का कोण जाणे, द्रो शिंप्याकडे चार महिने पडून असलेली माझी विजार आठवली. मी ताबडतोब आकाशाकडे पाहिले.

कोलाच्या झाडाचा निवाडा लवकर झाला: एक वर्ष थोरल्याने फळे वेचावीत, एक वर्ष धाकट्याने, आणि ज्याची पाळी नसेल त्याने झाडाखालचे गवत काढावे. भाऊ कुरकुरत बसले. मग दुभाष्याने विचारले, "आणखी कोणाचं काही?"

सिडोनी उठली. तिच्या हातात पळी होती.

"माझं आहे. तुम्हाला ज्याने घरात आणून ठेवलंय त्याच्यावर. हा माझा नवरा. माणूस वाईट नाही, पण ह्याला दिसेल त्यावर आकडा घालायची खोड आहे. माझ्या घरात मलाच जाता येत नाही. पाहुण्यांना आत बसवता येत नाही. मग ही पळी मी कोणत्या तोंडाने धरू?"

न्यायाधीश घशातून घोगऱ्या आवाजात काही बोलला. दुभाषी माझ्याकडे वळला.

"विचारतात, तुझ्याकडे ते कशावर बसतात?"

"खिळ्यावर," मी म्हणालो. आणि माहिती अपुरी राहू नये म्हणून पुढे म्हणालो, "तीन इंची."

लोक इतके हसले की दोन कोंबड्या उडाल्या.

"विचारतात, वखारीत पोती खिळ्यावर टांगतात का?"

"नाही. फळ्यांवर ठेवतात."

"म्हणतात, म्हणजे पोत्याचा मान मोठा."

मग मी वही काढली. वही पाहिल्यावर सर्वांचे समाधान होईल अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मी खणखणीत आवाजात वाचले: "वस्तू क्रमांक सतरा. खरेदी. तांदूळ एक पोते, लुगडे एक, कोला दहा."

टोक्पाबाबा उठून उभे राहिले. "अरे पोरा, तो त्याचा खुराक होता! माझं छप्पर गळतं म्हणून तो तुझ्याकडे राहायला आला. पाहुणा येतो तेव्हा तू काय त्याला विकत घेतोस?"

यावर कोणी हसले नाही. हसले असते तर मला बरे वाटले असते.

न्यायाधीश पुन्हा बोलला. दुभाषी म्हणाला, "म्हणतात, वही तुझी आहे, तर निवाडाही तूच कर. काय लिहायचं ते लिही. गुरुवारी गाडीत बस म्हणालास तर ते बसतील."

मी लेखणी काढली. माझ्या डोळ्यांपुढे आबिजानची ती पाटी उभी राहिली, काचेखाली, दिव्यासमोर. समोर सिडोनी उभी होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. तिने पळी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती. सत्तावीस वर्षांत काटा कोणत्या बाजूला झुकतो हे ओळखायला मला कधी उशीर झाला नव्हता. त्या दिवशी झाला, आणि सारा गाव तो उशीर मोजत उभा होता.

"खोडतो," मी म्हणालो, आणि 'खरेदी' खोडले. रेघ वाकडी आली.

मग खरा निवाडा सांगण्यात आला. भिंतीतला खिळा मी उपटावा, माझ्या ओसरीवरचे आठ पत्रे काढून टोक्पाबाबांच्या छपरावर घालावेत, न्यायाधीशाने पूर्ववत तिथेच राहावे आणि बुधवारी सिडोनीने सगळ्या आळीला माझ्या बैठकीत बसवून जेवू घालावे. बकरा माझा. त्या जेवणातच ते गाणे जन्मले.

गुरुवारी अमेनानबाई आल्या. मी त्यांना घडले ते सांगितले. त्यांनी दुःख लपवले, आणि मग माझ्या उरलेल्या सोळा वस्तू एकेक करून हातात घेतल्या.

"ह्यातल्या बारा तर पलीकडच्या गावातल्या झिआदादांच्या आहेत," त्या मायेने म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्या अंगणातच बसले होते. काय सुंदर हात आहे हो त्यांचा! जुनं दिसावं म्हणून धुराला टांगतात." मग त्यांची नजर भात वाढणाऱ्या सिडोनीकडे गेली. "आणि ही पळी?"

"ती कामात आहे," सिडोनी म्हणाली आणि त्यांना आणखी वाढले.

गाडी रिकामी गेली. बाई मात्र तुडुंब जेवून गेल्या.

शुक्रवारी दुपारी द्रो शिंपी विजार घेऊन आला. न मागता. त्या उकाड्यात त्याच्या डोक्यावर लोकरी टोपी होती, भुवयांपर्यंत ओढलेली. बुधवारच्या जेवणातही ती तशीच होती, आणि तेव्हा कोणीही टोपीचा विषय काढला नव्हता.

"बस," मी म्हणालो. तो बैठकीत बसला. सिडोनीने शेंगदाण्याचे कालवण वाढले.

"टोपी काढा की भावजी. घाम गळतोय कालवणात."

"सर्दी झालीय वहिनी."

"कपाळाला?"

द्रो भात चिवडू लागला. त्याने मनगटाने घाम पुसला, टोपी बोटभर वर सरकली, आणि भुवईच्या वर मला पांढऱ्या सातचा शेंडा दिसला. उलटा, पण वळण माझेच. शतकानुशतके जे कोणी उघड केले नाही, ते मी एका डब्यातल्या रंगाने कपाळावर छापून ठेवले होते.

"विजार झकास झाली," मी म्हणालो.

"कमरेला दोन इंच वाढवलीय, काटेवाले. लागतील."

तो निघाला तेव्हा मी त्याच्या हाती रॉकेलची छोटी बाटली आणि स्वच्छ फडके दिले.

"हे कशाला?"

"कशालाच नाही."

"बरं," द्रो म्हणाला आणि बाटली खिशात घालून बाहेर वळलेल्या अंगठ्याने धूळ उडवीत गेला.

सिडोनी ओसरीवर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. द्रो वळणाआड जाईपर्यंत ती त्याच्या टोपीकडे पाहत राहिली.

"एक मात्र खरं," ती शेवटी म्हणाली, "आकडा सुरेख काढता हो तुम्ही."

मी ताबडतोब आकाशाकडे पाहिले. आता ते माझ्या ओसरीवरून पूर्ण दिसते.