भाजलेली माती

माझी लहान बहीण पुष्पांजली मंगळावरचे जीव शोधते. पेपरात आलं होतं, फोटोसकट. मायनं ते कात्रण लॅमिनेशन करून देवघराशेजारी टांगलं, अन् येणाऱ्याजाणाऱ्याले चहाच्या आधी तेच दाखवते. कोणी माझ्याकडं पाहिलं तर म्हणते, "ही मोठी. रविता. ही इथंच असते." बस, झाली माझी ओळख.

दुसऱ्याचं चांगलं पाहून माझ्या पोटात दुखते, असं म्हणाल तर म्हणा. दुखते. बी.एस्सी.ले आधी मी लागली होती. अर्जुनी मोरगावहून रेल्वेनं रोज गोंदियाले जायची. दुसरं वर्ष पास झाली, अन् बाबूजींनी लग्न ठरवलं. पाहुणे चांगले होते, पण थांबायले तयार नव्हते. माझ्या वह्या, माझा पांढरा एप्रन, सगळं पुष्पाच्या कामी आलं. तिच्या वेळेस बाबूजींचं मन बदललं. म्हणे, एकीचं अर्धं राहिलं, हिचं तरी पुरं होऊ दे. माझं अर्धं राहिलं हे त्यांले कळत होतं, अन् तरी मीच टाळ्या वाजवत बसायचं.

दोन हजार अकराच्या मे महिन्यात तिचा हैदराबादहून फोन आला.

"ताई, एक काम कर ना. आपल्या मामा तलावाचा वाळलेला गाळ पाहिजे, तळातले पोपडे. मंगळावर बी कधीकाळी तळी होती म्हणतात, मग वाळून गेली. वाळलेल्या चिखलात जीव किती तग धरते, ते आम्ही पाहून राहिलो."

"कोणाचा मामा, असं नाही विचारलं तुझ्या सरांनी?"

ती हसली. "विचारलं ना. त्यांनी फाईलवर 'पुष्पांजलीच्या मामांचं तळं' असं लिहून ठेवलं होतं. मग सांगितलं, जुन्या जमीनदारांच्या वेळचे, माजी मालगुजारी, म्हणून मामा. आमच्या कोहळी लोकांनीच बांधले हे तलाव."

पाच गावांची माती जमा होणार होती. जिच्यात सगळ्यात चिवट जीव निघेल, तिच्यावर पुष्पाची पीएचडी उभी राहणार होती. "आपलीच निघावी असं वाटते, ताई," ती म्हणाली. "आता सगळं तुझ्या हातात आहे."

कॉलेज सुटल्यावर बारा वर्षांनी काहीतरी माझ्या हातात आलं होतं. मी माहेरी गेली, कोरड्या तलावात उतरली, चमचा गरम पाण्यानं धुऊन पोपडे काढले, स्वच्छ पिशवीत बांधून सासरी आणले. कॉलेजात शिकवलं होतं तसंच. खोटं कायले बोलू, मन लावून केलं.

दुसऱ्या दिवशी पार्सल करायचं होतं. रात्री जेवता जेवता आमचे हे बोलले, "पुष्पाचं डोकं काही औरच आहे हो. तुमच्या घरात एकच निघाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भात वाढला. सकाळी हे कामावर गेल्यावर मागच्या अंगणातली चूल पेटवली, लोखंडी कढई चढवली, अन् ती माती भाजली. शेंगदाणे भाजतो तशी, झारा फिरवून फिरवून, घड्याळात पाहून वीस मिनिटं. मरा मेल्यांनो, म्हटलं. गार झाल्यावर डब्यात भरली अन् पोस्टात टाकून आली. लाज वाटली का? नाही वाटली. संध्याकाळी पोटभर जेवली.

ऑगस्टमध्ये धानाची रोवणी आटपत आली होती, तेव्हा तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"ताई, बाकी चार गावांच्या मातीत ढीगभर जीव निघाले. आपल्या मातीत एकच जात उगवली, बाकी सगळं मेलेलं. सर म्हणतात, तलावात कोणीतरी विष टाकलं असेल. नमुना खराब आहे, यादीतून काढून टाक म्हणतात. मी भांडून राहिली, पण माझ्याजवळ पुरावा काय आहे?"

हेच तर पाहिजे होतं मले. पण ते विष काही घशाखाली उतरेना. ज्या तलावावर आमचे धानाचे सात बांधे पिकतात, ज्याची मासोळी खाऊन आम्ही दोघी वाढलो, त्यात विष आहे म्हणते तो हैदराबादचा सर. त्यानं कधी आमच्या तलावाची पाळ तरी पाहिली का?

"विषबिष काही नाही," मी म्हटलं. "माती मी भाजली होती."

"म्हणजे?"

"कढईत. चुलीवर."

"काऊन, ताई?"

"जळून राहिली होती मी तुझ्यावर. आजची नाही, तू माझा एप्रन घालून कॉलेजात गेली त्या दिवसापासून."

आता ती शिव्या देईल, म्हणून मी फोन कानाले धरून बसली. द्यायलेच पाहिजे होत्या तिनं.

"किती वेळ भाजली?" तिनं विचारलं.

"वीस मिनिटं."

"आच?"

"मोठी. धूर निघेपर्यंत."

तिकडं कागदाचा आवाज आला. ती लिहून घेऊन राहिली होती. माझ्या हलकटपणाचंबी ती टिपण करत होती, अन् मले तिचा पुन्हा हेवा वाटला.

"धूर निघाला, तरी एक जगला," ती म्हणाली, अन् तिचा आवाज एकदम चढला. "ताई, हे बीजाणू होय. कवच करून आत बसतात, कोरड्या आचेनं लवकर मरत नाहीत. आपलीच माती सगळ्यात चिवट निघाली. पण तू सायन्सवाली, तुले हे माहीत नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं. "तो पाठ थर्ड इयरले होता."

पुष्पानं फोन ठेवला नाही. मी बी ठेवला नाही.