डिकीतला पंखा

मित्रांनो, मी एक जुनी, ऐटबाज मोटार आहे. दुबईत अल बर्शाजवळच्या एका गोदामात उभी असते. लोक माझ्याबरोबर फोटो काढतात. मी चालत मात्र नाही.

महायुद्धानंतर विलायतेत माझा जन्म झाला. आमची कंपनी श्रीमंतांसाठी गाड्या बनवायची आणि तेव्हा बुडायला आली होती. कारखान्यातला एक म्हातारा इंजिनियर सांगून थकला, "बॉडी हलकी करा, इंजिन नवं घाला, ते थंड ठेवायची सोय वाढवा." कंपनीच्या साहेबांनी युद्धाआधीचंच इंजिन ठेवलं आणि वर क्रोम वाढवलं. बडा घर पोकळ वासा! चार वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं. त्या म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर माझी धाकटी भावंडं आज रस्त्यावर धावत असती.

फिरत फिरत मी दुबईच्या यहयासाहेबांकडे आले. त्यांना जुन्या गाड्यांचा भारी नाद. माझी देखभाल वसईचे जेरार्ड करत. दहा वर्षं त्यांनी मला जिवापाड जपलं. इथल्या उन्हात माझं इंजिन तापायचं, म्हणून यंदा त्यांनी रेडिएटरपुढे विजेचा छोटा पंखा बसवला.

मे महिन्यात त्यांच्या लेकीचं, मरिसाचं लग्न होतं. तिला चर्चला न्यायला साहेबांनी आपणहून मला दिलं. मी तर हरखून गेले! पण पुढच्याच आठवड्यात मॉलमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी साहेबांना तो पंखा दिसला.

"ये क्या है, हबीबी? निकालो. जज लोग मार्क काटेंगे. सब ओरिजिनल चाहिए."

"सर, गरमी बहुत है. शादी के बाद निकालता हूँ."

"आज ही. खलास."

जेरार्डनी पंखा काढून डिकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेरार्ड मरिसाला आणि तिच्या आईला माझ्यात बसवून चर्चला निघाले. शेख झायेद रोडवर ट्रॅफिक तुंबला. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ उसळली आणि माझ्या आत काहीतरी तडकलं. मी लाजेने अर्धमेली झाले. जेरार्डना साहेबांचा फोन आला, गाडी सोडून जायचं नाही. "डॅडा, कम सून, ओके?" म्हणत मरिसा आईबरोबर टॅक्सीत बसली.

बापाने लेकीला हात धरून वेदीपर्यंत न्यायचं असतं. मरिसाला तिच्या अँड्र्यूमामाने नेलं. तेव्हा जेरार्ड नव्या कोटात, भर उन्हात, माझ्याशेजारी, मला ओढून नेणाऱ्या रिकव्हरी व्हॅनची वाट पाहत उभे होते.

प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. तडकलेलं इंजिन ओरिजिनलच होतं ना!

मित्रांनो, एखाद्या दिवशी गाडीची काच पुसली नाही तरी चालेल. पण तिच्यासाठी ज्याचे हात काळे होतात, त्याचं वेळेवर ऐका. जेरार्ड आता वसईला परतले. जाताना त्यांनी माझं बॉनेट पुसलं, डिकी उघडली, पंखा हातात घेऊन पाहिला आणि कागदात गुंडाळून पुन्हा तिथेच ठेवला.