रक्तातली गुप्त भट्टी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर एक आकडा झळकत होता, अकरा हजार दोनशे सहा, आणि त्याच्याकडे बघून लोक माना डोलावत होते. सरांच्या एका शोधनिबंधाचा म्हणे जगातल्या इतक्या निबंधांनी हवाला दिला होता. आपापल्या रिपोर्टांच्या पिशव्या छातीशी धरून माणसं भिंतीला चिकटून उभी होती.

विभागात सरांना पाठीमागे ‘शिखरमहाराज’ म्हणत. रक्ताची नळी मोठ्या चुंबकाच्या पोटात ठेवली की रक्तातला एकेक पदार्थ पडद्यावर आपापली शिखरं उमटवतो, आणि ती वाचणं हा सरांचा धंदा. शास्त्र खरं होतं. त्यावर सरांनी मांडलेली गादी मात्र खोटी होती.

“यकृतात गाठ धरायच्या दोन वर्षं आधी,” सर आवाज खाली आणून सांगत होते, “पेशी आत चोरून दारू गाळायला लागतात. गुप्त भट्टी. तुम्हाला कळत नाही, तुमच्या डॉक्टरांना कळत नाही. माझ्या चुंबकाला कळतं.”

मागे उभी असलेली यंत्रवाली दातओठ खात होती. सतरा वर्षं तीच ते यंत्र चालवत आली होती, आणि आता तिच्या सख्ख्या ताईच्या रक्तात भट्टी निघाली होती. सोमवारपासून ताईला सरांच्या नव्या औषधाची इंजेक्शनं द्यायची होती. केस जाणार, उलट्या होणार, आणि धडधाकट यकृतही त्यातून सुटेलच असं नाही, हे फॉर्मवर बारीक अक्षरात होतं. ताईने मुकाट्याने सही केली होती. “अगं, अकरा हजार लोक काय वेडे आहेत?” ती म्हणाली होती.

हेच यंत्रवालीच्या डोक्यात बसलं होतं. सभेच्या आधीच ती त्या अकरा हजारांची यादी उघडून बसली होती. पाचशे निबंध चाळले. सरांचा निबंध मासिकाच्या चारशे एकविसाव्या पानावर होता, पण कुणीतरी एकदा चुकून चारशे बारा लिहिलं होतं, आणि पुढच्या तीनशे विद्वानांनी तेच उतरवलं होतं. मूळ पान उघडण्याची तसदी त्यांतल्या कुणी घेतलेली दिसत नव्हती. पुन्हा रक्त काढून पाहणारे तर शोधूनही सापडेनात. तिला संताप आला, आणि सतरा वर्षं आपणही मान खाली घालून नळ्याच भरत बसलो याची लाजही वाटली.

मग ती वॉर्डात जाऊन नुसती बघत उभी राहिली. तिथे रुग्णांचे फॉर्म आदल्या दिवशीच भरलेले असत. दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की लगेच सुई. सरांच्या खोलीत तुलनेसाठी निरोगी लोकांचं रक्त काढत, तिथे मात्र आधी बोळा आणि मग नाव, वय, पत्ता विचारत बसायचं. तेवढ्यात कातडी खडखडीत वाळायची. स्पिरिट म्हणजे तरी काय, दारूत असतं तेच अल्कोहोल.

“सर,” आता भरल्या सभागृहात यंत्रवाली मागून म्हणाली, “तुमचंच रक्त तपासून दाखवा ना सगळ्यांना.”

सर हसले. नाही म्हणायची सोय नव्हती, मोबाईल वर झाले होते. त्यांनी दोन्ही बाह्या सारल्या. नर्सबाईंनी उजव्या हाताला बोळा लावला आणि ओल्यावरच सुई टोचली. डाव्या हाताला बोळा लागताच यंत्रवालीने नर्सबाईंना थांबवलं. “सरांचं नाव, वय, पत्ता विचारा आधी.” लोक हसले. सरांनी कपाळाला आठ्या घालून पत्ता सांगितला.

तासाभराने दोन्ही आलेख पडद्यावर आले. डावा साधा. उजव्यात अल्कोहोलचं तीन टोकांचं शिखर, म्हणजे सरांची भट्टी, ताठ उभी.

“सरांच्या उजव्या हाताला यकृताचा आजार आहे,” यंत्रवाली म्हणाली. “डावा हात ठणठणीत आहे.”

“हा... हा एक अपवाद झाला,” सर म्हणाले. “अकरा हजार निबंध चुकीचे आहेत, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“निबंध कुठले सर, निबंध एकच आहे. बाकीचे पडसाद आहेत. तुमचा पान नंबरसुद्धा त्यांना धड लिहिता आलेला नाही.”

लोक पिशव्यांतून आपापले रिपोर्ट काढून बघू लागले. एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, “माझी चार इंजेक्शनं झालीत.” सर मागच्या दाराने निघून गेले होते. पडद्यावर आकडा परत लागला, आता अकरा हजार दोनशे सात.

शंभर जणांनी म्हटलं की हजार जणांनी, याने रक्तातला एक थेंब बदलत नाही. कोणी पुन्हा करून पाहिलं का आणि कसं केलं, एवढं विचारायला पदवी लागत नाही. कुणाचा मोठेपणा बघून आपलं शरीर त्याच्या हवाली करू नका.

सोमवारी ताई इंजेक्शनला गेली नाही. ती पुन्हा तपासणीला गेली. नर्सबाईंनी बोळा फिरवून सुई उचलली तेव्हा ताईने त्यांचा हात धरला.

“थांबा,” ती म्हणाली. “आधी वाळू द्या.”